लंकेची सफारी

अकोल्यातल्या दवाखान्यात नंबराची वाट पाहता पाहता चंदाचे कान मागच्या बाकाकडे लागले. तिथे चाकाच्या खुर्चीतल्या सुभद्राबाईंना त्यांचा शिंपी नवरा चंद्रभान सहलीचा कागद वाचून दाखवत होता.

"श्रीलंका, आठ दिवस. सफारी खुर्चीवाल्याइसाठी खास बनवेल हाय म्हने."

"मी बाईमानूस, सफारी घालू?"

"मलेबी तेच वाटलं, म्या तं टेप काढली होती. फोन केला तं सहलीवाला पोट्टा हासला. सफारी म्हंजे जीप म्हने, हत्ती पाह्याची."

"जीपीत मी कशी चढीन?"

"खुर्चीसकट. उतार लावतेत."

"अन् देवळात?"

"तिथंबी उतार. हाटेलातबी."

"उतार म्हंजे काय असते?"

"फळी असते व, तिरपी. दुसरं काय?"

"आपल्या दाराच्या तीन पायऱ्याइवर नाही बसत थे फळी?"

"बसते न."

"मंग दोन साल झाले, मले पोत्यावानी उचलून उतरवता. त्या पायऱ्याइचं माप काहून नाही घेतलं?"

चंद्रभानने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.