टेबलापासून हलता येत नाही

"हॅलो?… हं, आई, बोला… अहो, हळू. मला काही कळत नाहीये… कोण? राधा?"

डॉ. श्वेताने फोन मान वाकडी करून खांद्याशी दाबला. हात मोकळे नव्हते. मुलुंडच्या त्या लहानशा प्रसूतिगृहात ती भूल द्यायला आली होती. सिझेरियन होऊन बाळ सुखरूप बाहेर आलं होतं, पण आईचं रक्त थांबत नव्हतं आणि प्रेशर घसरत चाललं होतं. श्वेता दोन्ही हातांनी सलाइनची पिशवी दाबत होती. फोन कुर्ल्याहून होता, सासूबाईंचा. तीन वर्षांची राधा दिवसभर त्यांच्यापाशीच असायची.

"डोळे फिरवले?… हातपाय झाडतेय?… अंग गरम आहे का?… सकाळपासून? मग मला सांगितलं का नाही… बरं, बरं, राहू दे ते. आई, ऐका ना. आधी तिला खाली घ्या. पलंगावर नको, लादीवर. सतरंजी टाका… आता कुशीवर वळवा… कुठल्याही कुशीवर… लाळ येतेय? येऊ दे, पुसून घ्या… नाही, चमचा नको. तोंडात काही म्हणजे काही घालू नका… कांदाही नको, आई. ठेवा तो बाजूला."

ऑपरेशन करणारे डॉ. मिहिर मान वर न करता म्हणाले, घरचं आटपलं असेल तर इकडे लक्ष द्या. मध्यंतरी राधा आजारी असताना श्वेताने त्यांची एक केस नाकारली होती. तेव्हापासून ते दुसऱ्याच भूलतज्ज्ञाला बोलवत. आज तो मिळाला नाही, म्हणून हिची आठवण झाली होती. लक्ष इकडेच आहे, असं तिला म्हणायचं होतं. तिने पिशवी आणखी जोरात दाबली.

"नीलेशला लावला?… उचलणार नाही तो, आज मीटिंगमध्ये असेल. लावत राहा… मी?… मी कशी येऊ, आई? टेबलावर बाई आहे… अहो, माहीत आहे मला राधा माझी आहे म्हणून."

तिने जयंती सिस्टरना खूण केली. माझ्या जागी कुणी मिळतंय का बघा. सिस्टर बाहेर जाऊन दोन-तीन फोन करून आल्या आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. एक जण ठाण्यात दुसऱ्या ऑपरेशनला उभा होता, दुसरा फोनच घेत नव्हता.

"अजून चालूच आहे?… ओठ बघा. ओठ कसे दिसतायत?… काळपट म्हणजे, निळे?"

श्वेताने मान आणखी वाकवून फोन कानाशी घट्ट दाबला.

"आई, आता मी सांगते तेवढंच करा. टीव्हीखालच्या खणात नाकात मारायचा स्प्रे आहे. मागच्या झटक्याच्या वेळी डॉक्टरांनी दिलेला… हो, तोच. दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोनदा मारा… नाही, श्वास नाही बंद होणार… आई, मी रोज माणसांना भूल देते, मला कळतं ना यातलं… तुमच्या हातून काही झालं तर? नाही होणार. झालंच तर मी तुम्हाला कधी बोलणार नाही. नीलेशही नाही… रडू नका ना, आई. तुम्ही रडलात तर मी काय करू इथे?"

सासूबाई दुष्ट नव्हत्या. गुडघे गेलेले, घरात दुसरं माणूस नाही, आणि मांडीपाशी निळी पडत चाललेली नात. त्यांना हे एकटीला झेपत नव्हतं. आजच नाही, गेलं वर्षभर झेपत नव्हतं. आणि ते बोलायला त्यांना नेमकी हीच वेळ सापडली होती.

"काय?… आत्ता बोलायचंय का हे?… हो, ऐकतेय… खरंय तुमचं. एकटं टाकलं मी तुम्हाला… सोडते. काम सोडते, आई… हो, कायमचं. घरी बसते… राधाची शपथ. आता मारा तो स्प्रे. पाया पडते तुमच्या."

डॉ. मिहिरनी पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं.

"मारला?… दुसऱ्या बाजूला?… हं. आता माझ्याशी बोलू नका. तिच्याकडे बघत राहा. फोन तसाच चालू ठेवा."

रक्ताची पिशवी आली. श्वेताने ती जोडली, नंबर पडताळला, पुन्हा पडताळला, कारण डोळ्यांपुढे अक्षरं हलत होती. कानात सासूबाईंचा देवाचा धावा चालला होता. कुठल्या देवाचा, ते तिला कळेना. ती त्यांच्या आवाजामागून मनातल्या मनात तेच म्हणत राहिली.

"आई?… थांबलं?… नक्की थांबलं? हात सैल पडले?… छाती वर-खाली होतेय का बघा… ओठ?… फोन तिच्या तोंडापाशी धरा. धरा ना."

आधी पंख्याची घरघर आली. मग बारीक, चिडलेली किरकिर. झोपेतून उठवलं की राधा अशीच करायची. श्वेताने डोळे घट्ट मिटले आणि लगेच उघडले, कारण समोरच्या मॉनिटरकडे बघायला दुसरं कुणी नव्हतं.

"हं… ऐकलं… आता शेजारच्या कुंदाताईंना हाक मारा. रिक्षा करा आणि जवळच्या हॉस्पिटलात न्या. तिथे सांगा, झटका बराच वेळ होता, स्प्रे मारलाय… ती झोपेल आता, घाबरू नका. पण कुशीवरच धरा… मी येते. इथलं रक्त थांबत आलंय… हो, प्रेशरही चढतंय."

डॉ. मिहिर टाके घालू लागले होते.

"काय?… हो, आई. घेतली ना शपथ… नाही विसरत."

टेबलावरची बाई जागीच होती. भूल कमरेखालची; कानांनी तिने सगळं ऐकलं होतं. तिचे ओठ कोरडे पडले होते. तिने हात लांबवून श्वेताचा गाऊन पकडला आणि विचारलं, मॅडम, तुम्ही जाणार?

"नाही. नाही जाणार मी."

ते पलीकडे ऐकू गेलं. मग सासूबाईंनी काहीतरी विचारलं.

"तुम्हाला नाही हो, आई… इथे एक बाई विचारतेय…"

गाऊन अजून त्या बाईच्या मुठीत होता.

"रिक्षा आली का?… मग निघा. ठेवते मी."