ही ती राय नव्हे

नाही नाही, मका गोड असतो हे मला मान्य आहे, त्याबद्दल माझं काही भांडण नाही, पण मी दुकानात जाऊन साधा प्रश्न विचारलाय की अहो, राय व्हिस्कीची बाटली आहे का, तर त्या माणसानं मक्यापासून सुरुवात का करावी? आणि तीही माझ्यासमोर? तुम्हाला सांगतो, मी पीत नाही. तत्त्व वगैरे काही नाही, डोकं दुखतं. माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलायच्या आणि विचारायचं, ‘आता बरं दिसतं की मघाशी बरं होतं?’... बास, एवढंच मला येतं. आणि असा मी, आज तुम्ही मला झोपेतून उठवलंत तरी सांगेन की कुठली बर्बन व्हिस्की कुठल्या दुकानात, कितव्या फळीवर आहे, आणि तिच्या शेजारची राय घ्यावी की न घ्यावी. हे सगळं कशामुळे? तर आमच्या अण्णांच्या तीन शब्दांमुळे. ‘ही ती नव्हे.’

अण्णा म्हणजे आमचे वडील. सगळी नोकरी डेअरीत गेली. काम काय, तर आलेलं दूध तपासायचं. पहाटे दूधवाले कॅन लावून रांगेत उभे, आणि अण्णा प्रत्येक कॅनमधून चमचाभर काढून जिभेवर ठेवणार. त्यासाठी यंत्र होतं हो, काचेची नळी दुधात सोडायची, ती किती बुडते ते बघायचं, पण अण्णा म्हणायचे, ‘यंत्र साहेबांसाठी.’ ते ‘पाणी आहे’ म्हणाले की नळी नंतर सोडायची, आणि पाणी असायचंच. आणि हा माणूस रोज संध्याकाळी खिडकीपाशी खुर्ची टाकून एक पेग राय घेणार. एकच. पण कोरी! सोडा नाही, बर्फ नाही. पाहुण्यानं पाणी मागितलं की पाण्याचा जग त्याच्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, ‘घाला तुम्ही. मी दिवसभर लोकांनी घातलेलं पाणीच शोधतो, घरी तरी मला ते नको.’ पाहुणा बिचारा कानकोंडा. आणि आई समोर बसून मटार सोलत असायची. मान वर करायची नाही.

बाटली मात्र आईच्या ताब्यात. अण्णा नाक्यावरच्या दुकानातून पिवळ्या लेबलची बाटली आणायचे आणि तिच्या हातात द्यायचे, ती पिठाच्या डब्यांमागे ठेवायची, आणि संध्याकाळी आतूनच पेला भरून आणायची. अण्णांनी बाटलीचं बूच स्वतः उघडल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि ती खिडकी! तुम्हाला सांगतो, मी काचांचाच धंदा करतो, पण आईसारखी काच पुसणं मला अजून साधलेलं नाही. एकदा एक पाखरू सरळ येऊन आपटलं होतं, काच आहे हे त्याला दिसलंच नाही. फवाऱ्याची एक जुनी बाटली होती तिची, त्यातून फुस फुस करायचं आणि अण्णांच्या जुन्या बनियननं पुसायचं. मी विचारलं, यात काय घालतेस, माझ्या दुकानात उपयोग होईल. तर म्हणाली, ‘काचा पुसायचं पाणी.’ जाऊ दे, मी कुठे भरकटलो... राय.

तर आई गेली. गेल्या वर्षी. चार दिवसांचं आजारपण, आणि गेली. आणि अण्णांचं बोलणंच थांबलं. म्हणजे बोलायचे, ‘हो’ आणि ‘नको’. खुर्ची खिडकीपाशी तशीच, अण्णा त्या बाजूला फिरकायचे नाहीत. उजेड गेला की पांघरूण घेऊन पडायचे. पेग बंद. मी विचारलं नाही, त्यांनी मागितला नाही. बायको म्हणायची, त्यांना काहीतरी हवंसं वाटायला पाहिजे हो, काहीही. आणि एक दिवस जेवता जेवता अण्णा ताटाकडे बघत म्हणाले, ‘थोडी राय मिळेल का?’

वर्षभरात या माणसानं मागितलेली पहिली गोष्ट. बायको डोळे पुसत आत गेली आणि मी खरकट्या हातानं चपला शोधायला लागलो. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ‘या वयात बोटभर घेतली तर चालेल, उलट बरंच वाटेल.’ निघालो. नाक्यावरचं तेच दुकान, तीच लोखंडी जाळी, जाळीतून हात घालून तीच पिवळ्या लेबलची बाटली घेतली. पेला भरला, अण्णांना खिडकीपाशी बसवलं. त्यांनी एक घोट घेतला, जिभेवर धरला, पेला खाली ठेवला.

‘ही ती नव्हे.’

म्हटलं, अण्णा, लेबल तेच आहे. ‘लेबल मी पीत नाही,’ म्हणाले. उठले आणि आत जाऊन पडले.

परत दुकानात. दुकानदाराची मान मोबाइलमधून वर येत नाही. ‘काका, कंपनीनं काहीतरी बदललं असणार. तुम्ही बर्बन न्या. एकच असतं सगळं.’ एकच असतं! हे त्या माणसाचं ज्ञान, आणि आयुष्य गेलंय त्याचं बाटल्यांमध्ये. नेली बर्बन. अण्णांनी चाखली. ‘ही गोड बोलते. असल्यांवर माझा विश्वास नाही.’ आणि... बरोबर. ही ती नव्हे.

मग मोठ्या मॉलमधलं दुकान. तिथे दारू कुठे ठेवलीय म्हणाल, तर कपड्यांचा साबण संपतो आणि कुत्र्यांची बिस्किटं सुरू होतात त्याच्या मध्ये. बर्बन एक फळी भरून, राय खाली कोपऱ्यात, गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाही. मी गुडघे टेकले. आणि नेमक्या आमच्या शेजारच्या काकू ट्रॉली घेऊन समोर. मी दोन्ही हातांत दोन बाटल्या धरून जमिनीवर. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘आई गेल्याचं दुःख मोठंच असतं रे. पण स्वतःला सांभाळ.’ अण्णांसाठी आहे म्हटलं, तर अण्णांचं नाव खराब. म्हटलं, हो काकू.

त्यानंतर कुणीतरी सांगितलं, असं कुठेही जाऊ नका, तो एक जण आहे, त्याला कळतं. गेलो. लाकडी जिना चढून वर दुकान, मंद दिवे, आणि चामड्याचा एप्रन घातलेला गृहस्थ. मी त्याला नाकवाला म्हणतो, कारण तो काहीही तोंडात घालू देत नाही. ‘आधी नाकाशी ओळख होऊ द्या, सर.’ मक्यापासून सुरुवात केली ती यानंच. निम्म्याहून जास्त मका असेल तर बर्बन, निम्म्याहून जास्त राय नावाचं धान्य असेल तर राय. बर्बनला नवं कोरं पिंप लागतं, आतून जाळलेलं, त्यामुळे तिला केकसारखा गोड वास. राय कोरडी, तिखट, मिऱ्यासारखी नाकात चढते, आणि मागून पावाची भाजलेली कड असते ना, तसा वास राहतो. मी म्हटलं, मी पीत नाही. तो म्हणाला, ‘मग तर फारच चांगलं, तुमचं नाक स्वच्छ असेल.’

आणि खरं सांगू? होतं. चार-पाच खेपांत मला डोळे मिटून सांगता यायला लागलं. ही बर्बन, ही राय, ही बर्बनच पण हिच्यात रायचं धान्य जरा सढळ हातानं घातलंय. नाकवाला खूश. माझा मला अभिमान वाटायला लागला, आणि घरी अण्णा बसलेत तोंड कडू करून. मग मी आपली दुकानातली पद्धत काढली. दोन पेले, थेंब थेंब. ‘अण्णा, आता बरी वाटते की मघाशी बरी होती?’ अण्णा दोन्ही चाखायचे. ‘दोन्ही बऱ्या.’ माझी आशा वर. ‘पण यातली एकही ती नव्हे.’ आशा खाली. एका रायला म्हणाले, भांडकुदळ आहे. दुसरीला म्हणाले, जाळते. अहो, जाळते? जन्मभर कोरी पिणारा माणूस, त्याला जाळते?

शेजारच्या काकूंचा जावई परदेशी जात-येत असतो, त्याला विमानतळावरच्या दुकानातून आणायला सांगितली. त्यानं आणली, पण देताना मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘दादा, मदत लागली तर मोकळेपणानं सांगा. असे गट असतात. सगळे भेटतात, बोलतात.’ म्हणजे काकूंनी घरी सांगितलं होतं. इकडे स्वयंपाकघरात पीठ मागे गेलं आणि बाटल्या पुढे आल्या. बायको म्हणाली, ‘चष्मे बंद करून हेच विकू या. निदान फळीवरचं ओझं तरी कमी होईल.’

मग एके संध्याकाळी मी विमानतळावरची उघडत होतो, आणि अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला. ‘राहू दे रे. नाही मिळत तर राहू दे.’ दुसऱ्या दिवशी ते खिडकीपाशी आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. परत ‘हो’ आणि ‘नको’. मला फार वाईट वाटलं. आई गेली तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं, पण हे तर बाजारातून आणायचं काम होतं, आणि तेही माझ्याच्यानं होईना.

रविवारी मला घरात सुचेना. म्हटलं, निदान ती खिडकी तरी पुसू, वर्षभर कुणी हात लावलेला नाही, अण्णा आलेच बसायला तर त्यांना रस्ता तरी दिसेल. बायको म्हणाली, ‘सासूबाईंची फवाऱ्याची बाटली मोरीत बादलीमागे असेल, मी टाकली नाही ती.’ होती. तळाशी बोटभर शिल्लक. मी काचेवर फुस केलं.

आणि तसाच उभा राहिलो.

कोरडा वास. तिखट, मिऱ्यासारखा. मागून पावाची भाजलेली कड.

बायको म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, तुझ्या सासूबाई जन्मभर काचा रायनं पुसत होत्या. ती हसायला लागली आणि हसता हसता थांबली. ‘अहो, त्या रोज दुपारी कपभर कोरा चहा करून गार करायला ठेवायच्या. घरात कोरा चहा कुणीच पीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणायच्या, लागतो.’

आता तुम्हीच जोडा. बाटली आणायची, निम्मी राय फवाऱ्यात काढायची, आणि नुसतं पाणी भरलं तर रंग उतरेल म्हणून तेवढा चहा ओतायचा. आईनं हे केलं होतं! चांगल्यातली चांगली राय आमच्या खिडकीनं प्यायली, आणि पाहुण्याकडे जग सरकवणारे अण्णा...

मी चहा केला. गार होऊ दिला. पिवळ्या लेबलची राय निम्मी, चहा निम्मा. अण्णांच्या उशाशी जाऊन म्हटलं, शेवटची एकदा बघा, नाही आवडली तर परत विचारणार नाही. उठले, खुर्चीत येऊन बसले. घोट घेतला, जिभेवर धरला. मग म्हणाले,

‘चहा जरा जास्त झाला. ती एवढा घालत नव्हती.’

म्हटलं, अण्णा, तुम्हाला ठाऊक होतं? म्हणाले, ‘मी काय तपासत होतो रे डेअरीत?’

‘मग आईला बोलला का नाहीत कधी?’

‘माझा थोरला भाऊ पिऊन पिऊन गेला. ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं, नवी नवरी होती. त्या वर्षापासून चहा सुरू झाला. मला कळत नाही असं तिला वाटत होतं, म्हणून निर्धास्त असायची. मग मी पण आल्या-गेल्याला मोठ्यानं सांगायचो, मला पाणी चालत नाही म्हणून. तिला बरं वाटायचं.’

‘अहो पण मला तरी सांगायचं! मी सगळं गाव पालथं घातलं, लोक मला दारुड्या समजायला लागले...’

‘तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मी कसं सांगू?’ आणि पेल्याकडे बघत म्हणाले, ‘वाटलं होतं तुझं तूच शोधशील. उशीर लावलास.’

मी डोळे पुसले. त्यांनीही पुसले, पण काचेकडे तोंड करून. शेवटी धंद्याचा माणूस मी, कामाचं विचारलं, पुढची कुठली आणू, राय की बर्बन? म्हणाले, ‘कुठलीही आण. चहा चांगला आण.’

तेव्हापासून रोजचं ठरलंय. नाकवाला भेटला की विचारतो, ‘सर, काय म्हणतात वडील? कुठली पसंत पडली?’ मी विषय बदलतो. त्याच्या दुकानातल्या बाटलीत मी काय ओततो हे त्याला कळलं तर तो जिन्यावरून उडी टाकेल. खिडकी पुन्हा चकाकायला लागलीय. अण्णा संध्याकाळी खुर्चीत बसतात, मी आतून पेला भरून आणतो, ते घोट घेतात आणि अजून म्हणतात, ‘ही ती नव्हे. तिच्या हाताची चव वेगळी होती.’ लोकांच्या घरी आईच्या हाताची चव आमटी-भाजीत असते, आमच्याकडे ती इथे निघाली. पण पेला संपवतात. आणि परवा काकूंचा जावई आला होता, त्यानं चाचरत पाणी मागितलं, तर अण्णांनी वर्षानंतर पहिल्यांदा जग सरकवला. ‘घाला तुम्ही. मला बुवा पाण्याचा थेंब चालत नाही.’ जावई थक्क. माझ्याकडे बघून म्हणतो, ‘या वयात? कोरी?’

मी समोर बसून मटार सोलत होतो.