मंत्रीणबाईंनी उठवलेली बंदी

मांडव्याच्या लाँचच्या रांगेत मंत्र्यांची बायको वल्लरी तोंडाला ओढणी गुंडाळून उभी होती. पुढे दोन कोळणी बोलत होत्या.

"लढाई होती तवा होड्या दर्यात न्यायला बंदी होती, ती मंत्रीणबाईनंच नवऱ्याला सांगून उठवली."

"आपल्यासाठी?"

"मग कोनासाठी?"

"तिच्या भावाचा बर्फाचा कारखाना हाय, तुळसा. होड्या बंद, तर बर्फ कोन घेनार?"

"घरी आलेली गं ती. माज्या पोरांना जवळ घेतलं."

"घेतलं असंल. पन बंदी उठल्या दिवशीच बर्फ म्हाग कसा झाला?"

वल्लरी रांगेतून बाहेर पडली. तिनं भावाला फोन लावला.

"दादा, तेव्हा बंदी उठवायला सांग म्हणून तूच माझ्या मागे लागला होतास ना?"



"तुझ्याजवळ आत्ता कोण आहे?" त्यानं हळूच विचारलं.