भराभर चालण्याचं इंग्रजी

नाही ताई, चूक नाहीये त्यात — बसा, त्या स्टुलावर बसा, खुर्चीचा पाय डुगडुगतो — शब्द बरोबर आहे, मी पुन्हा सांगतो. तुम्हाला बाहेर कुणीतरी वाचून दाखवलं आणि सांगितलं, की तुमचा भाऊ आपल्या मर्जीने मरायला गेला असं लिहिलंय. मर्जी हा शब्द कुठेही नाही. मी भाषांतरकार आहे इथला, एकोणीस वर्षं झाली. कामावरच्या अपघातांच्या चौकशीत लोक आपल्या भाषेत जबाब देतात, मी त्याचं इंग्रजी करतो, कारण निकाल देणारे साहेब इंग्रजीच वाचतात. तर मी लिहिलंय — हे बघा, इथे — ‘ही स्ट्रोड अक्रॉस द यलो लाइन.’ गोदामाच्या आवारातली ती पिवळी रेघ, क्रेन चालू असताना ओलांडायची नसते ती. तो ओलांडून गेला, वरून पेटी सुटली. गेला होताच की. त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही, तुमचंही नाही.

स्ट्रोड म्हणजे? म्हणजे चालला. पण साधा चालला नाही — कसं सांगू — इंग्रजीत चालायला पुष्कळ शब्द आहेत. वॉक म्हणजे नुसतं चालणं, कुत्रंसुद्धा वॉक करतं. पेस म्हणजे येरझाऱ्या घालणं, इथे बाहेर बाकासमोर लोक घालतात तशा. मार्च म्हणजे तरातरा जाणं, कुणाला जाब विचारायला निघाल्यासारखं. प्रोसीड हा पोलिसांचा आवडता. मेक हेडवे म्हणजे अडचणीतून वाट काढत पुढे सरकणं. आणि स्ट्राइड — लांब टांगा टाकत, कुठे जायचंय ते मनाशी पक्कं ठरवून जाणं. झालेली गोष्ट सांगायची असली की त्याचं स्ट्रोड होतं. पूर्वी मी सगळीकडे वॉकच लिहायचो. आधीच्या साहेबांनी एकदा माझा कागद सगळ्यांसमोर वाचला, एका पानात सात वेळा वॉक्ड, आणि म्हणाले, अहो, तुमच्या जबाबातली माणसं दमली असतील चालून चालून. सगळे हसले. मीही हसलो. मग मुलीच्या जुन्या वहीची कोरी पानं घेतली आणि शब्द गोळा करायला लागलो. आमची ही म्हणायची, चालण्याचे शब्द जमवण्यापेक्षा जरा बाहेर चालून या, पोट सुटलंय.

हो हो, मुद्द्याचंच बोलतोय. बघणारी एकटी झाडूवाली मावशी होती, बाकी सगळे आत होते. तिचा जबाब याच टेबलाशी झाला, मी इथे, ती तुमच्या जागी. बोलायला लागली की थांबत नाही ती — ऊन किती होतं, झाडूची काडी कशी टोचली, तुमचा भाऊ वजनकाट्यावरून येता-जाता तिची चौकशी कशी करायचा. सगळं लिहून कसं चालेल? कात्री लावावीच लागते.

काय म्हणालात? जन्मात कधी भराभर चालला नाही? — शाळेतसुद्धा सगळ्यांच्या शेवटी पोचायचा, तुम्ही त्याचं दप्तर घेऊन फाटकाशी उभ्या राहायचात — असेल. तुम्ही त्याची थोरली बहीण, तुम्हाला माहीत. पण मावशी भराभर म्हणाली. थांबा, मूळ जबाब इथेच आहे. चष्मा — हां. वाचतो. ‘कुणीतरी हाक मारली तसा तो भराभर गेला.’

तसा.

आता ‘तसा’चे दोन अर्थ होतात, ताई. एक, हाक मारल्यासारखा, म्हणजे आपलं बोलण्याची एक रीत. दुसरा, हाक मारली आणि त्यासरशी तो गेला. मी पहिला धरला. तो धरला की पुढे काही उरत नाही, स्ट्रोडमध्ये सगळं येऊन जातं, असं त्या वेळी वाटलं — नाही, तेवढंही वाटलं नाही. जेवायची वेळ झाली होती, आणि स्ट्रोड वापरायला मिळाला याचा आनंद झाला होता. चार वर्षं वहीत पडून होता तो शब्द, कुठे बसतच नव्हता. इथे येणारी माणसं लंगडत येतात, भिंतीला धरून येतात, त्यात स्ट्राइड कोण करणार? तुमचा भाऊ पहिलाच. साहेबांनी त्या शब्दाखाली रेघ मारली. म्हणाले, छान. आणि निकालात लिहिलं, की तो जाणूनबुजून गेला, कुणी बोलावल्याचं जबाबात नाही, म्हणून कंपनीचा दोष नाही. दोन महिन्यांनी माझ्या नावापुढे ‘वरिष्ठ’ लागलं. एकोणीस वर्षांनी.

तुम्ही फाईलकडे का बघताय? — हो. आपोआप उघडली त्या पानावर. तिथे कागदाचा कपटा आहे, मीच घातलाय. निकाल आला त्या दिवशीच मी मूळ जबाब काढून वाचला होता. वाचला आणि कपटा घालून ठेवून दिला. मग वाट बघितली, आता वाईट वाटेल, मग वाटेल. नाही वाटलं. दात काढताना गाल बधिर करतात ना, आपणच गाल चावतो आणि कळत नाही — तसं. जेवण जातं, झोप लागते. आत्ता तुम्ही रडताय, तर मला एवढंच दिसतंय की पदराला पेनाची शाई लागेल. तो झाकण नसलेला पेन इकडे द्या.

अपिलाला शुक्रवारपर्यंत मुदत आहे. दुसऱ्या मजल्यावर, डावीकडे. मावशीला बरोबर घेऊन जा आणि तिथल्या साहेबांसमोर तिला एकच विचारा — हाक कुणी मारली? तिला माहीत असेल का? असेल. तिला कुणी विचारलंच नाही, ताई. मीही नाही, आणि मी हातभर अंतरावर बसलो होतो. माझी चूक मी लिहून देऊ शकतो, तसा फॉर्म असतो, या खणात गठ्ठाच आहे. लिहून देईन का ते आत्ता विचारू नका. ही मूळ जबाबाची प्रत न्या. आणि ही माझ्या इंग्रजीची. दोन्ही शेजारी ठेवून दाखवा, म्हणजे गाळलेलं दिसेल. नाव विचारलं तर खाली सही आहे, ती झाकायची गरज नाही.

डोळे पुसा. उठा आता, बाहेर लोक ताटकळलेत. — पुढचे कोण आहेत? या.