पक्षकाराला विचारलंत का?

वहिनी, अविनाश, कोर्टातली मंडळी, आणि आमच्या रविवारच्या बाकड्यावरचे दोस्त.

एवढी माणसं निलंग्यात एका जागी गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघायलोय. माधवराव वकील इथं असते तर म्हणाले असते, "व्यंकट, कुणीतरी विरोधात बोला की. सभा झोपायली." त्यांच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलंय खरं. मधीच थांबलो तर सांभाळून घ्या.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. बसस्टँडमागच्या हॉटेलाच्या बाकड्यावर रविवारी सकाळी आम्ही चौघं बसायचो. वकीलसाहेब, मी शेतकरी, कुलकर्णी मास्तर आणि मेडिकलवाले शिवाभाऊ. वकीलसाहेबांनी तिथं एक नियम घातला होता. ज्याचं जे मत असेल, त्याच्या उलट त्यानं बोलायचं. बोलून झालं की चहाचा कप बशीत पालथा घालायचा. मग घटकाभर सगळ्यांनी गप्प बसायचं, समोरच्याचं डोक्यात उतरेपर्यंत. हॉटेलवाल्याला वाटायचं आमचं भांडण झालं.

एका रविवारी विषय निघाला, दुखण्यातून सुटका नसलेल्या माणसाला डॉक्टरनं सुई देऊन मरण द्यावं का, तसा कायदा करावा का. श्वासाचं मशीन न लावण्याला, लावलेलं काढण्याला आपल्याकडं कायद्यानं वाट हाय. सुईला न्हाई. मला वाटायचं, कायदा व्हावा. माझ्या आईनं शेवटी लई सोसलं. म्हणून नियमानं मला विरोधात बोलावं लागलं. मी म्हणालो, "साहेब, आमच्याकडं म्हातारं माणूस 'आता पुरे झालं' म्हणतं, तवा त्याला वाटत असतं की सुनेनं म्हणावं, असं कसं, बसा, अजून अर्धी भाकर घ्या. तुमचा कायदा ती भाकर वाढणार का?"

वकीलसाहेब कायद्याच्या बाजूनं उठले. काय बोलले हो ते. "माणूस जन्मभर घर कुठं बांधायचं, पोरगी कुठं द्यायची, सगळं स्वतः ठरवतो. आणि शेवटच्या दारातून कसं जायचं, एवढंच तेवढं दुसऱ्यानं ठरवायचं?" त्यांनी कप पालथा घातला.

पुढं त्यांनाच दुखणं लागलं. नसांचं. आधी डावा हात गेला, मग पाय, मग श्वास कमी पडायला लागला. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आता श्वासाचं मशीन लावायचं की न्हाई ते घरच्यांनी सांगा. अविनाश नांदेडहून आला होता. बाहेरच्या बाकावर त्यानं आम्हाला विचारलं, "काका, बाबा तुमच्याशी सगळं बोलायचे. त्यांना काय पाहिजे असेल?"

आम्ही तिघांनी एका सुरात सांगितलं. "त्यांना असलं मशीनवर पडून राहणं नको होतं. कितीदा बोललेत ते."

वहिनी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, ते रविवारचं बोलणं होतं ना?"

बघा मंडळी. रविवारचं बोलणं म्हणजे उलटं बोलणं. जे मत त्यांचं नव्हतंच, ते आम्ही त्यांचं म्हणून पोराच्या हातात ठेवायलो होतो. मास्तर म्हणाले, मग मशीन लावा, त्यांचं मत लावण्याचंच असणार. शिवाभाऊ म्हणाले, तसंही कसं म्हणता, माणूस बदलतो. आम्ही तिथंच वाद घालायला लागलो.

वहिनी म्हणाल्या, "अहो, आत जाऊन विचारा की. माणूस अजून हाय."

आम्ही आत गेलो. त्यांचा आवाज लई बारीक झाला होता, कान तोंडापाशी न्यावा लागायचा. मी म्हणालो, "साहेब, त्या रविवारी बोललात ती तुमची बाजू की उलटी?" ते हसले. दम खात म्हणाले, "बाहेर निकाल देऊन मोकळे झालात. पक्षकाराला विचारलंत का?"

मग म्हणाले, "उलटीच होती. बोलता बोलता अर्धी पटली."

"आणि मशीनचं?"

"लावून तर बघू. कसं असतंय ते. नको वाटलं की सांगतो."

मला सांगा, आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात हे उत्तर होतं? आम्ही हो आणि न्हाई यातच अडकलो होतो. त्या माणसाला मरणाच्या दारातसुद्धा बघायचं होतं की हे काय असतंय.

तोंडावर मास्कचं मशीन लागलं. नात येऊन गेली. तिनं पेपर वाचून दाखवला की ते भुवया उडवायचे, नापसंतीनं. मग एका सकाळी मी शेजारी बसलेलो असताना त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं हलवली, आणि तळवा हळूच गादीवर पालथा घातला. मला कळलं. मला कळायला नको होतं, पण कळलं. वहिनींनाही कळलं.

डॉक्टरांनी विचारलं. तळवा पालथा. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, मास्क काढून, सगळ्यांसमोर. "बास," म्हणाले. कायद्याप्रमाणं कागद करून दवाखान्यानं मशीन काढलं. दम लागू नये म्हणून औषध दिलं. वहिनींचा हात त्यांच्या हातात होता.

आता लोक मला विचारायलेत, व्यंकटराव, सुईचा कायदा व्हावा का? वकीलसाहेबांना विचारणारी बायको होती, थांबणारा डॉक्टर होता. ज्याला विचारणारं कुणीच न्हाई, त्याचं काय? घरावर ओझं नको म्हणून लाजेनं कुणी तळवा पालथा घातला, तर ते ओळखायचं कसं? आणि औषधानंही ज्याचं दुखणं हटत न्हाई, त्याला आम्ही कुठल्या तोंडानं थांब म्हणायचं? माझी अडचण वेगळीच झालीय. माझं मत कुठलं हेच मला कळंना. मग रविवारी उलटं काय बोलू?

साहेब, तुम्हाला विचारलं असतं. ते आता जमायचं न्हाई.

मंडळी, उभं राहू. थोडा वेळ गप्प राहू, पण बाकड्यावरच्या पद्धतीनं. ज्याचं म्हणणं आपल्याला आजवर पटलं न्हाई, असा एक माणूस प्रत्येकानं मनात आणा, आणि तो काय म्हणत होता ते एकदा नीट ऐका. वकीलसाहेबांना आमचा नमस्कार.