ज्यांचं भांडण आहे त्यांनी आत या

टाळ जरा नुसते हातात धरा. पेटीवाले गोविंदराव, तुम्हीही थांबा. मंडळी, आधी एक सांगा — नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्यानं काय करावं?

बघा! विचारायचा अवकाश, सगळ्या माना पुढे आल्या. आपल्याकडे हे कुणाला शिकावं लागतं का? माझ्या लहानपणी आमच्या आळीत राधाक्का होत्या. शेंगा सोलता सोलता एक संसार सांधायच्या आणि दोन उसवायच्या. ना परीक्षा, ना प्रमाणपत्र. उपजत ज्ञान!

आणि ही सुतारांची हेमांगी पाहा. एवढी हुशार मुलगी, पण म्हणाली, मला विवाह समुपदेशक व्हायचंय. म्हणजे काय, तर ज्यांचं पटत नाही त्या दोघांना समोर बसवायचं आणि एकमेकांशी बोलतं करायचं. त्यासाठी कॉलेज, परीक्षा, आणि वर फडणीसबाईंच्या हाताखाली उमेदवारी. आई म्हणाली, "एवढं शिकून भांडणंच ऐकायची, तर आपल्या घरी काय कमी होती?"

तर ऐका. उमेदवारीतलं शेवटचं जोडपं. हे नीट पार पडलं तर बाई सही करणार, हेमांगीला स्वतःची खोली, दारावर पाटी. बिघडलं, तर आणखी एक वर्ष उमेदवारी.

जोडपं म्हणजे नितेश आणि शर्वरी. नितेशनं गडचिरोलीची बदली परस्पर घेतली, शर्वरीनं माहेरची वाट धरली. आता वेगळं व्हायची भाषा. दोघंच आले म्हणता? छे! आपल्यात एकटं कुणी दवाखान्यात तरी जातं का? दोन्हीकडचे आईवडील आले, आत्या आली, गुलाबमामा आले. चिवड्याचा डबा आला. बाकड्यावर जागा उरली नाही.

फडणीसबाईंचा नियम — ज्यांचं भांडण, तेच आत. हेमांगी दारात उभी राहिली. म्हणाली, "ज्यांचं भांडण आहे त्यांनी आत या. बाकीच्यांनी बाहेर थांबा."

आणि मंडळी, काय सांगू — सगळे नातेवाईक उठले! पदर सावरत, चपला काढत, ओळीनं आत! गुलाबमामा सगळ्यांत पुढे. बाकड्यावर राहिलं कोण? नितेश आणि शर्वरी. मध्ये चिवड्याचा डबा.

हेमांगी दारातच राहिली. बाहेर बाकड्यापलीकडच्या टेबलाशी फडणीसबाई बसलेल्या, सगळं बघतायत. काय करावं? या वऱ्हाडाला बाहेर काढावं? तिनं एकदा बाकड्याकडे पाहिलं. मग स्वतःही आत गेली आणि दार लावून घेतलं.

आत गडचिरोलीचं नावसुद्धा निघालं नाही. लग्नात गुलाबमामांना फेटा बांधला नव्हता, तिथून सुरुवात. बासुंदी पातळ होती, इथवर मजल.

बाहेर मात्र शर्वरीनं डबा उघडला, नितेशपुढे सरकवला.

"आईला विचारलं, तुझ्या बाबांना विचारलं, मामांनाही विचारलं," नितेश म्हणाला. "तुलाच विचारायचं राहिलं."

"मग आता विचार."

"येशील?"

लगेच हो म्हणेल ती शर्वरी कसली? चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसली. मग म्हणाली, "ऊन फार असतं म्हणतात तिकडे." एक दाणा तोंडात टाकला. "पण मामांना एवढा प्रवास झेपायचा नाही."

दोघं हसत हसत चहाला म्हणून उठले, ते गेलेच. आत बासुंदी अजून चाललेली.

शेवटी हेमांगी घाम पुसत बाहेर आली. बाकडं रिकामं. बाईंनी विचारलं, "त्या दोघांना काय सल्ला दिलास?"

"काहीच नाही, बाई," ती खाली मान घालून म्हणाली. "दार लावलं तेवढं."

बाईंनी पेन काढलं आणि सही केली.

इतकी वर्षं शिकून पोरगी काय शिकली? दार लावायला. आपल्याला तेवढंच येत नाही हो! बाकी सगळं येतं. मघाशी माना पुढे करणारे आता खाली का बघतायत?

बाया उजवीकडे, पुरुष डावीकडे, मध्ये मी. खूप वर्षं मध्ये उभी राहिले, आता बाजूला होते. प्रसाद घ्या आणि आपापल्या माणसाबरोबर सावकाश चालत घरी जा. आणि ज्यांना दुसऱ्यांच्या संसाराची फारच काळजी आहे, त्यांनी मात्र उठू नका.

गोविंदराव, ते दार लावून घ्या.