टिलीच्या शेवटच्या हंगामाची बंदूक

बर्डीन : आधी उघडून दाखव मला. नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसल्याशिवाय माझ्याकडे बंदूक या हातातून त्या हातात जात नाही. तुझ्या बापालाही सूट नाही.

सोल्वेग : ही बघा मावशी. दोन्ही रिकाम्या.

हालवर : रिकामी तर आहेच, वर चिमणीएवढी आहे. वीस बोर! आकडा मोठा, नळी बारीक. अगं, फेझंट म्हणजे दांडगं रानपाखरू, त्याचा कोंबडा वाऱ्यावर उठतो तो अंगावर चिलखत घातल्यासारखा. ती कोपऱ्यातली बारा बोर बघ. लांब नळी, भक्कम दस्ता.

बर्डीन : तुझ्यासारखी. जड, आणि भिंतीला टेकलेली.

(दक्षिण डकोटातल्या एका छोट्या गावातलं बी-बियाण्यांचं दुकान. मागच्या खोलीत बर्डीन जुन्या बंदुका दुरुस्त करून विकते. हालवर तिचा शाळेपासूनचा सोबती. सोल्वेग त्याची लेक, चाळिशीतली. ऑक्टोबरातला बुधवार, दुपार कलंडलेली.)

सोल्वेग : मावशी, सरळच सांगते. शनिवारी शिकारीचा हंगाम उघडतोय. बाबांचा खुबा बदलल्यापासून त्यांना उंच गवतातून चालवत नाही. आमची कुत्री टिली बारा वर्षांची झाली. पुढच्या साली ती रानात उतरेल असं वाटत नाही. बाबा म्हणतात, यंदा तिला शेजारच्या रॉस्कोबरोबर पाठवू, त्याचा नेम चुकत नाही. मी म्हणते, मी नेते. म्हणून बंदूक हवी. माझी स्वतःची, आणि चारशे डॉलरच्या आत.

हालवर : गेल्या साली टिलीला नेलं होतंस की. सांग ना मावशीला.

सोल्वेग : तुम्हीच सांगा. तुम्हाला पाठ आहे ते.

हालवर : तीन कोंबडे दाखवले टिलीनं. पुढचा पाय उचललेला, शेपटी ताठ, श्वाससुद्धा धरलेला. मी ट्रकमधून ओरडतोय, "कोंबडा, कोंबडा!" आणि हिचे बार चुकवून तिन्ही गेले आभाळात. चौथ्याला ती थांबलीच नाही. गवतातून मागं फिरली आणि ट्रकच्या सावलीत येऊन बसली. कुत्रं बोलत नाही बर्डीन, पण ते तोंड मला अजून दिसतं.

सोल्वेग : मलाही दिसतं. म्हणून तर आलेय.

बर्डीन : तेव्हा हातात कुठली होती?

सोल्वेग : बाबांचीच. तीही बारा बोरच.

बर्डीन : साडेआठ पौंडांचं धूड ते. आणि हिचा बाप सांगतो, आणखी एक तसलंच घे. माझी आई काय म्हणायची ठाऊक आहे?
काठीइतकी हलकी हवी, दिवसभर जी चालेल;
आठवा मैल सरता सरता जड बंदूक बोलेल.

हालवर : तुझ्या आईनं जन्मात पाखरू मारलं नाही.

बर्डीन : पण मारणाऱ्या साऱ्यांच्या बंदुका तिनं दुरुस्त केल्या. कोण काय मोडून आणतो, त्यावरून तिला माणूस कळायचा. हं, सोल्वेग, ही नवी बघितलीस? वर-खाली नळ्यांची, परदेशातली. बजेटात बसते.

सोल्वेग : देखणी आहे. पण तोंडाशी जड आहे. उचलली की नळी मागं राहते.

बर्डीन : ऐक हालवर. तुझ्या लेकीचे हात शहाणे आहेत.

हालवर : हात शहाणेच आहेत तिचे. कुंपणावर डबे मांड, दहातले नऊ उडवते. उडत्या पाखरावर मात्र काहीतरी होतं. मन मागं येतं तिचं. आईवर गेलीय, मऊ आहे.

सोल्वेग : हे मी तीस वर्षं ऐकतेय, मावशी. आता मलाही खरंच वाटायला लागलंय.

बर्डीन : थांब. डबा मारताना डोळा मिटतेस?

सोल्वेग : डावा. बाबांनी शिकवलं तसा.

बर्डीन : आणि पाखरू उठल्यावर?

सोल्वेग : तेव्हा कुठला वेळ असतो? दोन्ही उघडे.

बर्डीन : छर्रा जातो कुठं? पाखराच्या मागून, खालून?

सोल्वेग : डावीकडून. नेहमी डावीकडून.

बर्डीन : बंदूक ठेव खाली. दोन्ही हात समोर ताण. पंजे जुळवून मध्ये भोक ठेव, नाण्याएवढं. हां. आता त्यातून तो तुळईवरचा पेंढा भरलेला कोंबडा बघ. दोन्ही डोळे उघडे. दिसतोय? आता त्याला न सोडता हात हळूहळू चेहऱ्याकडे आण. घाई नको.

सोल्वेग : आणले.

बर्डीन : हालवर, इकडे ये. चष्मा लाव. भोक कुठल्या डोळ्यावर आलंय?

हालवर : पुन्हा करायला सांग.

बर्डीन : कर गं पुन्हा.

हालवर : डाव्या.

बर्डीन : तिसऱ्यांदा केलं तरी डाव्याच. हिचा धनी डोळा डावा आहे, आणि तू बंदूक टेकवलीस उजव्या खांद्याला. एक डोळा मिटला की भागतं. दोन्ही उघडले की डावा म्हणतो, बघणार मी, आणि नळी जाते भलतीकडे. मनाचं नाव कशाला घेतोस? मन बिचारं कोंबड्यावरच होतं.

सोल्वेग : म्हणजे तीस वर्षं...

हालवर : पहिल्या दिवशी तिनं डावीकडेच लावली होती.

सोल्वेग : काय म्हणालात, बाबा?

हालवर : तू दहा-अकरा वर्षांची. तळ्याकाठी. मी बंदूक हातात दिली, तू सरळ डाव्या खांद्याला लावलीस. मी हसलो. म्हटलं, लिहितेस उजव्या हातानं, ही कुठली तऱ्हा? उचलून उजव्याला ठेवली. तू परत डावीकडे नेलीस. मी परत उजवीकडे. तिसऱ्यांदा तू नेली नाहीस.

सोल्वेग : मला आठवत नाही.

हालवर : मलाही नव्हतं आठवत. आत्ता तू हात चेहऱ्याशी आणलेस तेव्हा आठवलं.

बर्डीन : बरं, आता दोघं मिळून माझी जमीन भिजवू नका. सोल्वेग, ती आधीची वीस बोर घे. बारा बोर विसर, तिची रिकामी काडतुसं उजवीकडून बाहेर पडतात. डाव्या खांद्यावरून मारलीस तर नाकासमोरून जातील. ही दुनळी मधोमध दुमडून उघडते, तिला डावं-उजवं नाही. सहा पौंडांच्या आतली. दस्त्यावर ओरखडे आहेत, नळ्या आतून आरशासारख्या. डोळे मीट. डाव्या खांद्याला लाव, कोंबड्यावर धर. आता उघड.

सोल्वेग : मावशी...

बर्डीन : काय दिसतंय?

सोल्वेग : बंदूक दिसतच नाहीये. नुसता कोंबडा दिसतोय.

बर्डीन : हीच घे. चिठ्ठीवर चारशे वीस आहे, ओरखड्यांचे वीस मी धरत नाही. आजपासून रोज शंभर वेळा उचल, रिकामी. शनिवारी पहिला चुकेल, चुकू दे. दुसरा तुझा.

सोल्वेग : पहिलाही चुकायचा नाही मावशी. टिलीला दुसरा दाखवायला लावणार नाही मी. बाबा, रॉस्कोला काय सांगायचं?

हालवर : मी सांगेन. म्हणेन, कुत्री घरच्याच माणसाबरोबर चाललीय.

सोल्वेग : मग कुठं निघालात? बसा ना, कागद भरून होऊ देत.

हालवर : ट्रकपाशी जातोय, टिलीकडे. टिली बारा वर्षं बंदुकीच्या डाव्या अंगाला चालत आली. डाव्या खांद्याच्या माणसाबरोबर तिला उजवं अंग धरायला हवं. शिकवावं लागेल.

सोल्वेग : या वयात शिकेल ती?

हालवर : मी शिकलोच की आत्ता. आटप लवकर, अजून तासभर उजेड आहे.